आई-बाबा, बोटीवर येण्याआधी एवढं वाचून घ्या

ती. आई-बाबा,
सा. न.

तुर्कस्तानातल्या आपल्या बोटीच्या सहलीबद्दल आईने फोनवर तीनच प्रश्न विचारले: बोट लागेल का, संडासाचं काय, आणि बाबांच्या गुडघ्याचं काय. माहितीपत्रकात निळं पाणी आणि टरबुजाच्या फोडी असतात, या तिन्हींबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बोट. हिला तुर्की लोक गुलेट म्हणतात. शब्द इटालियन 'गोलेत्ता'वरून आला, अर्थ स्कूनर, म्हणजे दोन किंवा जास्त डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. लाकडी, रुंद पोटाची, मागे गोलसर. बोद्रुम, बोझबुरून, मार्मारिस या गावांत अजून बांधतात. बाबा, हे तुमच्यासाठी: जेवात शाकिर नावाच्या तुर्की लेखकाला १९२५ साली बोद्रुमला हद्दपार केलं होतं. शिक्षा संपल्यावर तो आपणहून तिथेच जाऊन राहिला आणि पुढे १९४०च्या दशकात मित्रांना घेऊन स्पंज काढणाऱ्यांच्या होड्यांतून किनाऱ्याने भटकू लागला. त्या भटकंतीला 'मावी योल्जुलुक', म्हणजे निळा प्रवास, हे नाव पडलं. आज आठवड्याच्या भाड्याने बोटी देण्याचा जो धंदा आहे तो त्याच नावावर चालतो.

आपली बोट २४ मीटरची: दोन डोलकाठ्या, पाच खोल्या, एक कप्तान, एक स्वयंपाकी, एक खलाशी. बऱ्याच गुलेटींवर डोलकाठ्या आता शोभेपुरत्या उरल्यात, सगळा प्रवास इंजिनावर. म्हणून ठरवताना मी भाड्याच्या आधी एकच विचारलं की शिडं शेवटची कधी उभारली होती. जिथे उत्तर गोलमोल आलं ती बोट सोडून दिली. तरी रोज शीड उघडेल असं समजू नका. वारा नसेल तर इंजिनच, ताशी सात-आठ सागरी मैलांनी. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर.

शीड उभारताना कप्तान बोटीचं तोंड वाऱ्याकडे करतो. तसं केलं नाही तर कापड वर जातानाच वारा भरतं आणि अडकतं. त्या काही मिनिटांत ते प्रचंड फडफडतं, फाटल्यासारखा आवाज येतो. आई, तेव्हा दचकू नकोस. शीड भरलं की इंजिन बंद होतं आणि बोट एका बाजूला जरा कलते. ही बोट रुंद आणि जड आहे, तेव्हा चहाचा पेला हातात धरावा लागेल इतपतच. त्या वेळी फक्त दोन ठिकाणी बसायचं नाही: शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या वाटेत, आणि डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून. दोर सुटला की तो पायाची वाट बघत नाही.

आता वारा, कारण तिथलं वेळापत्रक तोच ठरवतो. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर मेल्तेम नावाचा वायव्येचा कोरडा वारा असतो. बाल्कनकडे जास्त दाब, तुर्कस्तानावर कमी दाब. गंमत म्हणजे हा कमी दाब आपल्या मोसमी पावसाच्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडे गेलेलं टोक. म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळतो तेव्हा तिथे आकाश निरभ्र आणि वारा जोरात. जुलै-ऑगस्टात त्याचा जोर जास्त, म्हणून मी सप्टेंबरअखेर धरलं. तेव्हा तो मवाळ होतो आणि समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास टिकून असतं. तरी त्याची सवय तीच: सकाळी शांत, दुपारी चढता, संध्याकाळी पडता. त्यामुळे कप्तान पहाटे इंजिन लावून निघेल आणि तुम्ही जागे व्हाल तेव्हा बोट पुढच्या खाडीत असेल. 'आम्ही नाश्ता करून निघू' असा आग्रह धरला की दुपारच्या लाटा आपण हौसेने विकत घेतल्या.

मार्गही याच हिशेबाने. बोद्रुमहून निघालं तर उघडा समुद्र लागतो. आपण गोचेकहून निघतोय. दालामान विमानतळावरून गाडीने अर्धा तास. गोचेक-फेथियेचं आखात डोंगरांनी आणि बेटांनी वेढलेलं आहे, आणि आपण फेथियेच्या रुग्णालयापासून कधीच फार लांब नसू. पश्चिमेला कुर्तोलूचं टोक ओलांडलं की हेलकावे सुरू होतात, म्हणून तिकडे जायचंच नाही असं कप्तानाला सांगितलंय. पूर्वेला गेमिलेर बेटापर्यंत जाऊ, तिथे बायझंटाइन काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. जवळच कायाकोय, १९२३च्या ग्रीक-तुर्की लोकसंख्या-अदलाबदलीत रिकामं झालेलं दगडी घरांचं गाव. खाडीतून वर चालत जायचा चढ बाबांसाठी नाही. ते बघायचं तर फेथियेहून गाडीने.

बोट लागणं. पुढच्या टोकाच्या खोल्या सगळ्यात जास्त वरखाली होतात. अगदी मागच्या खोल्यांना इंजिनाची घरघर. तुमची खोली मधली आहे. चालत्या बोटीत खोलीत वाचत पडायचं नाही. वर मधोमध बसून क्षितिजाकडे बघायचं. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, आलेपाक चालेल. अ‍ॅव्होमिन मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगाची नाही, निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यावी लागते, आणि ती झोप आणते. गुंगीत बोटीची शिडी उतरणं हा मळमळीपेक्षा मोठा धोका. बाबा, तुमच्या प्रोस्टेटमुळे ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घ्यायची नाही, लघवी अडकू शकते.

आणि संडास. प्रत्येक खोलीला स्वतंत्र आहे, विजेवर चालणारा. नळी घरच्यापेक्षा बरीच अरुंद, वळणं जास्त, मैला टाकीत साठतो, आणि ती टाकी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागते. गोचेकच्या खाड्यांत समुद्रात सोडायला बंदी आहे. त्यामुळे कागद, ओला रुमाल, कापूस, काहीही भांड्यात टाकायचं नाही, शेजारच्या डब्यात. तुंबला तर खलाशाला अख्खा पंप खोलावा लागतो आणि तोवर आख्ख्या बोटीला वास. तुर्कस्तानात पाण्याने धुण्याची पद्धत आहे, भांड्यातच बारीक नळी असते. नसली तरी हात-शॉवर आहे. आई, तरी एक छोटा मग आण, म्हणजे मनाला बरं. अंघोळ मात्र साबण लावताना पाणी बंद करून. गोडं पाणी टाकीतलंच असतं.

आता खरं महत्त्वाचं. या बोटींवर माणसं समुद्रात बुडण्यापेक्षा ओल्या लाकडावर घसरून, शिडीवर आणि बोटीत चढता-उतरताना पडतात.

खोलीकडे उतरणारी शिडी उभी असते. उतरताना पायऱ्यांकडे तोंड, म्हणजे उलटं, आणि दोन्ही हात कठड्याला. हातात काही नाही. चष्मा, गोळ्या, फोन खिशात. बाबा, उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी.

खाडीत बोट पुढून नांगर टाकते आणि मागून दोर किनाऱ्याला बांधते. तिथे किनाऱ्याजवळच एकदम खोल होतं. नुसत्या नांगरावर सोडली तर बोट फिरून खडकाकडे येईल. नांगर समुद्री गवतावर पडला तर धरत नाही, घसरतो. मग कप्तान साखळी उचलून पुन्हा टाकतो, कधी दोन-तीनदा. आरडाओरडा होईल, तो नेहमीचाच. त्या वेळी मदत म्हणून बोट आणि धक्का, किंवा दोन बोटी, यांच्यामध्ये हात-पाय कधीही घालायचा नाही. कित्येक टनांचं लाकूड हाताने थांबत नाही.

किनाऱ्यावर छोट्या रबरी होडीने जायचं. आधी पिशवी द्यायची, मग खलाशाचं मनगट धरायचं आणि त्याने तुमचं. नुसती बोटं धरली तर सुटतात. पाय होडीच्या मधोमध, लगेच बसायचं. होडीत लाइफ जॅकेट घालायचंच. पोहून परत येताना शिडी पाण्यात पुरती उतरवलीय का बघा. अर्धवट असेल तर गुडघ्यावर सगळा भार येतो.

रात्री जनरेटर बंद होतो, तेव्हा एसी नाही. फोन संध्याकाळीच चार्ज करायचे. मग लाकडाची करकर ऐकू येईल आणि मधूनच तळाचा पंप सुरू होईल. लाकडी बोटीत थोडं पाणी झिरपतंच, पंप त्यासाठीच आहे.

जेवणाचं आईला वाटतं तितकं अवघड नाही. ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, द्राक्षाच्या पानातला भात, दही, वांगी, चीज भरपूर. मेख दुसरीकडे आहे: तुर्कीत 'एत' म्हणजे लाल मांस, त्यामुळे 'एतसिझ' म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते, आणि पिलाव अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. मसुराच्या सारातही मांसाचं पाणी असू शकतं. मी स्वयंपाक्याला तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून दिल्यात. चहा दुधाशिवाय मिळतो. दूध सांगून ठेवलंय. जेवताना गांधीलमाश्या आल्या तर स्वयंपाकी बशीत कॉफीची पूड जाळेल. धुराने त्या बऱ्यापैकी लांब राहतात.

मेतकूट आण, पण खसखस घातलेलं काहीही नको. आपण दुबईमार्गे जातोय आणि तिथे खसखशीला बंदी आहे. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. मोठी कडक सुटकेस नको, ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग आणा. चपला-बूट धक्क्यावरच टोपलीत जातात, डेकवर सगळे अनवाणी.

पाण्यात उतरायला मात्र रबरी बूट लागतात, कारण खडकांवर समुद्री अर्चिन नावाचे काटेरी जीव असतात आणि काटा पायात मोडला की निघता निघत नाही. ते मी इथूनच घेते. नंबर सांगू नका, भारतातले आणि इथले वेगळे. दोघांनी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजा आणि कळवा.

तुमची,
मनू