बाबा, बेड्याजवळचे हुमले जाळू नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले बेड्याजवळच्या, फाटकाशेजारच्या कलमावर हुमल्यांची, त्या लाल मुंग्यांची घरटी झालीयत, गड्याकडून जाळून घेतो, आणि मी काही बोलायच्या आत रेंज गेली, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लाव नि बाबांना वाचून दाखव.

बाबा, प्लीज जाळू नका. चावतात, माहितीय मला, पाचवीत असताना फळं काढायची घळ घेऊन त्याच कलमावर चढले होते नि अंगभर चावून काढलं होतं, आईने खोबरेल चोळलं होतं. पण त्याच दिवशी मी नीट बघितलं, ओळीने उभ्या राहून दोन पानांच्या कडा ओढून धरतात नि बाकीच्या आपलीच अळी तोंडात धरून या पानावरून त्या पानावर नेतात, विणकराच्या धोट्यासारखी, अळीच्या तोंडातून रेशीम निघतं त्यानेच घरटं शिवतात! मी कीटकशास्त्राला गेले ती त्या घरट्यामुळे.

हे हुमले काजूवरच्या ढेकण्याला, त्या रस शोषणाऱ्या किडीला पालवीवर टिकू देत नाहीत. चीनमध्ये 1700 वर्षांपूर्वी संत्र्या-लिंबांच्या बागेत यांची घरटी विकत आणून टांगायचे, लेखी नोंद आहे. फक्त गोड रसासाठी ते पिठ्या ढेकूण, ती पांढरी पिठासारखी दुसरी कीड, सांभाळतात, तेवढं फांद्यांवर लक्ष ठेवा. नि तोडणीला ते कलम शेवटी घ्या.

मागच्या आठवड्यात एका शाळेत गेले होते. दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा मुलांसमोर उघडला, आत मेलेल्या फळमाश्यांचा खच, आणि सगळे नर. एका मुलीने लगेच विचारलं, माद्या कुठायत? मग सांगितलं की आतल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला नरच येतात, नर संपले की माद्यांची अंडी फळत नाहीत. तिची आजी म्हणते आंब्यात अळी आपोआप होते, आई तूही तेच म्हणायचीस ना, पण माशी सालीत टोचून अंडी घालते गं. ती मुलगी घरी जाऊन आजीला सांगणार होती. अशा दिवशी मला पगाराचीही आठवण राहत नाही.

बाबा, पीएचडीला काजू बीचे आलेले सगळे पैसे तुम्ही माझ्या मायक्रोस्कोपसाठी दिलेत, छपराचं काम पुढच्या वर्षावर ढकलून. आई तेव्हा किडे बघायची कसली नोकरी म्हणून रडली होतीस, तरी डब्यात लाडू भरून दिलेस. मी कधी बोलले नाही पण रोज आठवतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. तोवर गड्याला थांबवा, ते घरटं मला तुम्हा दोघांना जवळून दाखवायचंय, लेन्स घेऊन येते.

तुमची,
मनू