वसुलीचं काम शेजारणीकडून काढून घ्या

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार

माननीय महोदया,
सविनय नमस्कार.

सूक्ष्म वित्ताबद्दल, म्हणजे गरीब घरांना विनातारण लहान कर्जं देणाऱ्या कंपन्यांबद्दल, ओरड झाली की सरकारकडून एकच उत्तर येतं: रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. 14 मार्च 2022 चे ते निर्देश मी वाचले आहेत आणि ते चांगले आहेत, हे आधीच कबूल करते. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, थकबाकीदाराचं नाव चारचौघांत जाहीर करणं, या सगळ्याला मनाई. ठरल्या जागी बाई लागोपाठ दोनदा आली नाही, तरच तिच्या घरी जायचं.

पण गावात वसुली फायनान्सवाला करतच नाही. कर्ज गट करून दिलं जातं, एकमेकींना जामीन ठेवून; त्यामुळे वसुली त्या गटातल्या बायकाच करतात, आणि त्यांना हे नियम लागू नाहीत.

मी बचत गटांचे हिशेब बघते, त्यामुळे या मीटिंगा अनेकदा जवळून पाहिल्या आहेत. सतरंजीवर बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात कार्ड आणि मोजून आणलेले पैसे. एकीचा हप्ता आलेला नसतो. वसुलीचा पोरगा आवाज चढवत नाही. टॅब मांडीवर ठेवून एवढंच म्हणतो, ‘सगळ्यांचं जमा झाल्याशिवाय मला उठता येत नाही, ताई.’ मग कुणाला खुरपणीला जायचं असतं, कुणाचं लेकरू घरी एकटं असतं. अर्ध्या तासात तीन-चार जणी हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात उभ्या. ‘तुझ्यापायी आमचं पुढचं लोन अडकंल.’ शेवटी कुणाकडून तरी हातउसने घेऊन, नाहीतर सावकाराकडून शेकडा पाचाने काढून हप्ता भरला जातो. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. कार्डावर सही होते, खातं नियमित दिसतं. कंपनीच्या माणसाने एकही नियम मोडलेला नाही. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध? उद्या त्याच शेजारणीच्या नळावर पाणी भरायचं असतं.

गटाची हमी ही कल्पना मुळात वाईट नव्हती. बांगलादेशात चितगावजवळच्या जोबरा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 1976 मध्ये प्रयोग सुरू केला, तेव्हा तारण नसलेल्या माणसाला बँक दारात उभी करत नव्हती. आपल्याकडे नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने 1992 मध्ये पाचशे बचत गटांपासून गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तिचा तर मला अभिमान आहे. पण बचत गट आणि फायनान्सचा गट यांत गल्लत नको. बचत गटात पैसा बायकांचा, व्याज गटात परत येतं, एखादीची अडचण असेल तर गटच मुदत वाढवून देतो. फायनान्सच्या गटाला असा कोणताही अधिकार नाही. त्याच्याकडे फक्त जामीन राहण्याची जबाबदारी आहे.

ही हमी काढली तर पैसे बुडतील, अशी भीती कंपन्या घालतात. पण युनूस यांच्या त्या प्रयोगातून उभ्या राहिलेल्या बांगलादेशच्या ग्रामीण बँकेनेच पुढे स्वतःची पद्धत बदलली, आणि आज आमच्याकडे सामूहिक हमी नाही असं तीच सांगते. फिलिपिन्समध्ये एका बँकेने चालू गटांची सामूहिक हमी काढून टाकली. मीटिंग तशीच ठेवली, हप्ता मात्र ज्याचा त्याने भरायचा. अभ्यासकांनी आकडे तपासले, तर थकबाकी वाढलेली दिसली नाही.

दुसरी गोष्ट कर्जाच्या अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्याची, आणि खरा घोळ तिथेच आहे. नियम असा की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज द्यायचं, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ द्यायचे नाहीत. आता हिशेब करा. पन्नास हजारांचं कर्ज, दोन वर्षांची मुदत, घटत्या शिलकीवर 24 टक्के व्याज: महिन्याचा हप्ता सुमारे 2,645 रुपये. घरात खरोखर बारा हजार येत असतील, तर सहा हजारांत अशी दोनच कर्जं बसतात. अर्जात पंचवीस हजार लिहिले की साडेबारा हजारांत चार बसतात. अर्ज कोण भरतं? ज्याला महिन्याचं टार्गेट आहे, तोच. मी पाहिलेल्या अर्जांत शेतमजुराचं घर आणि किराणा दुकानदाराचं घर एकाच आकड्यावर, तीन लाखांच्या जरासं आत, बसवलेलं असतं. बाईला तो आकडा माहीतही नसतो.

कर्जमाफी मात्र मागत नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये आंध्र प्रदेशाने या कंपन्यांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला, वसुली ठप्प झाली, आणि तिथे पैसा अडकलेल्या कंपन्यांनी दुसऱ्या राज्यांतही कर्ज देणं आखडतं घेतलं. त्या भागांत मजुरीचे दर उतरल्याचं पुढे संशोधनात दिसलं. ज्यांनी कर्ज घेतलंच नव्हतं, तेही पोळले. कर्नाटकने 2025 मध्ये जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. शिक्षा कडक आहे, पण सतरंजीवरच्या त्या पोराने जबरदस्ती केली हे सिद्ध कोण करणार?

म्हणून मागणी नेमकी आहे. रिझर्व्ह बँकेशी बोलून सूक्ष्म वित्ताच्या निर्देशांत भर घालायला लावा. एकीच्या हप्त्यासाठी बाकीच्यांना अडवून ठेवणं किंवा त्यांचं पुढचं कर्ज रोखणं, ही जाचक वसुलीच धरावी. उत्पन्नाचा आकडा कर्जाच्या कार्डावर मराठीत, बाईच्या सहीसह छापावा, आणि तो कंपनीने फुगवल्याचं उघड झालं तर मर्यादेवरच्या कर्जाचा तोटा कंपनीने सोसावा. एवढं झालं तरी टार्गेटची धाव बरीच मंदावेल.

आणखी एक, कमी खर्चाचं. बहुतेक कर्जांचा पहिला हप्ता लगेच सुरू होतो. म्हैस घेतली तरी ती विण्याच्या आधी. कोलकात्यात काही कर्जदारांना सुरुवातीचे दोन महिने मोकळे देऊन पाहिले. त्यांच्या धंद्यात जास्त पैसा गुंतला, पुढे नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे लपवत नाही. म्हणून सक्ती नको. पण पशुपालन आणि शेतीच्या कर्जांना असा पर्याय देणं बंधनकारक करता येईल, आणि त्यातली जास्तीची जोखीम कशी वाटून घ्यायची हे कंपन्यांना समोर बसवून ठरवता येईल.

त्या बैठकीत हप्ता भरणाऱ्या दोन-चार बायकाही असाव्यात. त्यांची त्या दिवसाची मजुरी खात्याने द्यावी.

आपली नम्र,
बचत गटांचे हिशेब पाहणारी एक कार्यकर्ती