स्टेल बॉटला आवरा

मा. संपादक,

ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून सगळेच वापरतात, पण त्यात बग, म्हणजे चूक, सापडून तो कळवला की पुढे त्याचं काय होतं ते फारसं कोणी बघत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर नवीन प्रोजेक्ट काढला की रिपोर्टवर लावायला बग, डुप्लिकेट, इनव्हॅलिड, वोन्टफिक्स (दुरुस्त करणार नाही) अशी लेबलं आयतीच मिळतात. लेबलांबद्दल तक्रार नाही, डुप्लिकेट लावून जुन्या रिपोर्टची लिंक दिली तर उलट बरंच. डोकं फिरतं ते स्टेल बॉटमुळे, म्हणजे शांत पडलेले रिपोर्ट आपोआप बंद करणाऱ्या प्रोग्राममुळे. डीफॉल्ट सेटिंग ठेवलं तर 60 दिवस कोणी काही बोललं नाही की हा रिपोर्टवर स्टेल (शिळा) असं लेबल चिकटवतो आणि आणखी 7 दिवसांनी बंदच करून टाकतो, मग भले क्रॅश लॉग, व्हर्जन, स्टेप्स सगळं व्यवस्थित दिलेलं असो. बग तिथेच, फक्त यादी स्वच्छ! मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, बिचारे बरेचदा फावल्या वेळात, विनापगार काम करतात, मान्य, पण मग डेबियन या लिनक्स सिस्टिमसारखं करा ना, तिथे क्रिटिकल, ग्रेव्हपासून थेट विशलिस्टपर्यंत बगच्या गांभीर्याच्या पायऱ्या आहेत आणि वोन्टफिक्स टॅग लावलेला बगसुद्धा उघडा राहतो, शोधला की सापडतो. आणि बॉट हवाच असेल तर माहिती मागूनही रिपोर्टरने दिली नाही अशाच रिपोर्टवर सोडा, ठराविक लेबलापुरता चालवायची सोय त्यात आहेच की.

– एक वाचक