ईगल झाल्यावरही ट्रूपमध्ये थांब म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, त्यामुळे आता लिहूनच काढते आणि सगळ्यांसमोर लिहिते. इथे अमेरिकेत स्काउटिंगमध्ये मुलं असलेली मराठी घरं बरीच आहेत, मुलाचं किंवा मुलीचं ईगल झालं की पुढे काय हे त्यांना कोणी धड सांगत नाही, आम्हाला ते ट्रूपमध्ये मुलींच्या बॅज आणि रँकचं काम बघणाऱ्या तुम्ही सांगितलंत, म्हणून तुमचे आभार मानता मानता त्यांच्याही कानावर चार गोष्टी जाऊ देत.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ईगल स्काउट ही इथली सगळ्यात वरची रँक, त्यासाठी २१ मेरिट बॅज, म्हणजे एकेक विषय शिकून मिळवायचे बिल्ले लागतात, सहा महिने ट्रूपमध्ये, म्हणजे आपल्या स्काउट गटात, जबाबदारीचं पद लागतं, स्वतः आखून इतरांना बरोबर घेऊन पार पाडलेला सेवा प्रोजेक्ट लागतो आणि शेवटी बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे मोठ्यांच्या समितीसमोरची मुलाखत. त्याच्यावर रँक नाही. पण त्याच्यापुढे ईगल पाम असतात, १९२७ पासून आहेत ते. २१ च्या वर पाच मेरिट बॅज झाले की ब्राँझ, दहा झाले की गोल्ड, पंधरा झाले की सिल्व्हर, आणि कोणाला अजून पुढे जायचं असेल तर सिल्व्हरवर परत ब्राँझ असं चढत जातं. खजुराच्या झावळीसारखी छोटीशी पिन असते, ईगलच्या मेडलच्या लाल पांढऱ्या निळ्या रिबनवर लावायची. दिसायला एवढीशीच, म्हणून बरेच जण तिच्याकडे बघतही नाहीत.

आमच्या लेकीचं ईगल झालं, कोर्ट ऑफ ऑनर म्हणजे सत्काराचा समारंभ झाला, भाषणं झाली, मला आईची पिन मिळाली, तिच्या बाबाला त्याची, आणि मेंटॉरची पिन तिने तुम्हाला लावली. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्या घरात जे होतं तेच आमच्याकडे व्हायच्या बेतात होतं, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, एसएटी, कॉलेजचे निबंध, आणि सोमवारची ट्रूप मीटिंग आपोआप मागे पडणार. कोणी वाईट हेतूने करत नाही हे, वरची रँक मिळाली म्हटल्यावर काम संपलं असंच वाटतं माणसाला. तेव्हा तुम्ही तिला बाजूला बसवून, मी शेजारीच होते, जे म्हणालात ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "ॲडमिशनसाठी पाम करणार असशील तर करू नको, तिथे त्याचा फार काही उपयोग नाही. पण अठरा पूर्ण व्हायला तुला अजून वेळ आहे, तर या ट्रूपमध्ये असताना तुला काय काय करून बघायचंय ते मला सांग."

ताई, हा प्रश्न तिला तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. ईगलपर्यंतचे बहुतेक बॅज ठरलेले असतात, फर्स्ट एड, कॅम्पिंग, पर्सनल फिटनेस, नागरिकशास्त्राचे ते सगळे सिटिझनशिप वाले, ते करावेच लागतात आणि करायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढचे पंधरा सगळे आपल्या आवडीचे. सव्वाशेच्या वर बॅज आहेत, वेल्डिंगपासून मातीच्या भांड्यांपर्यंत, त्यातून तिने स्वतः निवडायचे. माझ्या मते स्काउटिंगचा सगळ्यात मोकळा भाग हाच आहे आणि नेमका त्याच वेळी मुलं निघून जातात.

तिने पहिल्यांदा बर्ड स्टडी म्हटलं तेव्हा मला वाटलं सोपा म्हणून घेतला असेल. सोपा कसला, २० जंगली पक्षी स्वतः बघून ओळखायचे, त्यांची नोंदवही ठेवायची, कुठे दिसला, काय करत होता, आणि त्यातले पाच नुसत्या आवाजावरून ओळखायचे. तुम्ही त्याच्या काउन्सेलर, म्हणजे तो बॅज शिकवणाऱ्या आणि तपासणाऱ्या, पहाटे दुर्बिणी घेऊन तलावाकाठी उभ्या, आणि दर वेळी मी किंवा तिचा बाबा बरोबर असलाच पाहिजे हा तुमचा नियम, एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस असं कधीही नाही. नियम स्काउटिंगचाच आहे पण तुम्ही तो ज्या कडकपणे पाळलात त्याने आई म्हणून मला किती निश्चिंत वाटलं हे मी तुम्हाला कधी बोलले नाहीये, आज बोलते. त्या पहाटेंमुळे मी पण पक्षी बघायला लागले हा वरचा फायदा.

मग बिगुल. ती शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते हे तुमच्या लक्षात होतं, आम्ही कोणी तो विचारही केला नव्हता. बगलिंगच्या, म्हणजे बिगुल वाजवण्याच्या बॅजला दहा कॉल म्हणजे ठरलेल्या धुना नीट वाजवता यायला लागतात, आणि शिवाय तीन महिने ट्रूपची बिगुलर म्हणून काम करावं लागतं. आणि ईगलनंतर मिळवायच्या प्रत्येक पामसाठी पण आधीच्या पामपासून तीन महिने ट्रूपमध्ये ॲक्टिव्ह राहायचं असतं. तुम्ही कॅलेंडर काढून दोन्ही एकावर एक बसवून दिलंत. या कॅलेंडरबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण बऱ्याच पालकांचा घोळ इथेच होतो. १ ऑगस्ट २०१७ पासून नियम असा आहे की ईगलच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूच्या आधी जे जास्तीचे बॅज झालेत त्यांचे पाम ईगल मंजूर झाल्यावर लगेच मिळतात, थांबावं लागत नाही. तिचा ब्राँझ तसाच मिळाला. पण त्यानंतरचे पाम एकेक करून, क्रमाने, प्रत्येकाला पाच नवे बॅज आणि तीन महिने, ट्रूपमध्ये जबाबदारी किंवा लीडरशिप, आणि शेवटी स्काउटमास्टर कॉन्फरन्स, म्हणजे ट्रूपच्या प्रमुखांशी बसून गप्पा. आणि हे सगळं अठराव्या वाढदिवसाच्या आत. म्हणजे कोणी सतरा पूर्ण झाल्यावर ईगल झालं तर हातात फार थोडे महिने उरतात, बॅज कितीही भराभर केले तरी ते तीन महिने काही आटत नाहीत. तुम्ही पहिल्याच दिवशी वाढदिवसापासून उलटं मोजत येऊन तारखा लिहून दिल्यात आणि म्हणालात की आता ही काळजी माझी, तू बॅजमध्ये रम.

तुमच्या मुलाच्या वेळी लगेच मिळणारे पाम नव्हते, प्रत्येकाला तीन महिने आणि वर परत बोर्ड ऑफ रिव्ह्यू. तरी तुम्ही कधी "आमच्या वेळी" असं म्हणाला नाहीत. उलट म्हणालात की जे मूल आधीच आवडीने जास्त बॅज करून बसलंय त्याला लगेच शाबासकी मिळाली तर बरंच आहे. मला तुमचं हे पटतं, आणि तरीही मला ईगलनंतर मिळवलेल्या पामचं मोल जास्त वाटतं, त्याचं कारण ते तीन महिने.

कारण त्या महिन्यांत तिने बॅजपेक्षा जास्त वेळ लहान मुलींबरोबर घालवला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुलींचे ट्रूप सुरू झाले, २०२१ मध्ये पहिल्या जवळजवळ १००० मुली एकदम ईगल झाल्या, म्हणजे मुलांच्या ट्रूपला शंभर वर्षांची परंपरा आणि आमच्याकडे सगळं नवीन. अकरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा कॅम्पला येते तेव्हा तिला बघायला कोणीतरी मोठी मुलगी हवी, जिने हे सगळं केलंय, आणि ती ईगल होऊन घरी बसली असेल तर छोट्या मुली कोणाकडे बघणार? हे तुम्ही मला समजावलंत. तुम्ही स्काउटमास्टरांशी बोललात आणि तिला इन्स्ट्रक्टरचं काम मिळालं. तंबूच्या दोरीची टॉटलाईन हिच नावाची गाठ, लॅशिंग म्हणजे दोरीने काठ्या बांधणं, होकायंत्र, फर्स्ट एड, सगळं तिने शिकवायला घेतलं. एकदा एक छोटी, घरची आठवण येऊन रडत होती, आमची हिने तिला काही समजावलं बिमजावलं नाही, चुलीसाठी बारीक काड्या गोळा करायला बरोबर घेऊन गेली आणि येईपर्यंत ती छोटी तिलाच कुठली काडी सुकी आणि कुठली ओली ते सांगत होती. हे मला त्या छोटीच्या आईने सांगितलं, लेकीने घरी येऊन एका शब्दाने काही सांगितलं नाही. पामच्या अटींमध्ये जबाबदारी असा एक शब्द आहे ना, तो मला त्या दिवशी कळला.

पाच दिवसांच्या ट्रेकबद्दल पण लिहायचंय. फिफ्टी मायलर अवॉर्डसाठी ५० मैल, सलग, कमीत कमी पाच दिवस, कुठलीही मोटर न वापरता, आणि त्यात दहा तास वाटेच्या दुरुस्तीसारखं सेवेचं काम. हा पामचा भाग नाही, वेगळाच अवॉर्ड आहे, पण तुम्ही म्हणालात चालायचंच आहे तर बॅकपॅकिंगचा बॅज पण त्यातच पुढे सरकेल. अंतर, पाणी, सॅकचं वजन, कोणाला काय औषध लागतं, सगळी आखणी मुलींकडून करून घेतलीत, स्वतः फक्त प्रश्न विचारलेत. "पाऊस आला तर?" एवढं विचारून तुम्ही गप्प बसायचात आणि त्या परत नकाशावर वाकायच्या. मी असते तर उत्तर देऊन मोकळी झाले असते.

आणि जे कोणाला दिसत नाही ते काम. ब्लू कार्डं म्हणजे बॅजच्या नोंदीची कार्डं सांभाळून ठेवणं, स्काउटबुक या ऑनलाइन नोंदवहीत नोंदी वेळेवर करणं, काउन्सेलर शोधून देणं, एखाद्या काउन्सेलरचं रजिस्ट्रेशन चालू आहे की नाही ते बघणं. ॲडव्हान्समेंटचं, म्हणजे हे बॅज आणि रँकचं काम करणाऱ्याला कोर्ट ऑफ ऑनरमध्ये टाळ्या मिळत नाहीत, त्याने वाचलेल्या नावांना मिळतात. तुम्ही नोकरी सांभाळून, स्वतःचा मुलगा कधीचा ट्रूपमधून बाहेर पडलेला असताना, दुसऱ्यांच्या मुलींसाठी हे इतकी वर्षं करताय. पगार नाही, उलट पेट्रोल तुमचंच.

लेकीचा सिल्व्हर पाम वाढदिवसाच्या आधी झाला. शेवटच्या स्काउटमास्टर कॉन्फरन्सहून आली तेव्हा म्हणाली की बॅजबद्दल फार काही विचारलंच नाही, छोट्या मुलींबद्दलच बोलत बसलो. आता सिल्व्हर आला की रिबनवर तोच एकटा लावायचा असतो, ब्राँझ आणि गोल्ड काढून ठेवायचे, हे पण तुम्हीच सांगितलंत, नाहीतर आम्ही तिन्ही लावून मोकळे झालो असतो.

तिने अठरा झाल्यावर असिस्टंट स्काउटमास्टरचा फॉर्म भरलाय, कॉलेजमधून सुट्टीला आली की येईल. आणि मी माझं सांगते, मी अकाउंटंट आहे हे तुम्ही मला कितीदा आठवण करून दिलंत, तर पर्सनल मॅनेजमेंटच्या काउन्सेलरसाठी मी अर्ज दिलाय, मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग पण पूर्ण झालं. त्या बॅजमध्ये मुलींना १३ आठवडे जमाखर्च लिहायचा असतो, ते मी नक्की नीट करून घेईन. तुमच्या जुन्या फाईली आणि ती उलटं मोजायची पद्धत मला एकदा बसून शिकवा, शनिवार रविवार कधीही चालेल, आणि यंदा ज्या दोघींचं ईगल होतंय त्यांच्या आयांना मी आधीच सांगून ठेवलंय की कोर्ट ऑफ ऑनरच्या दुसऱ्या दिवशी ताईंना फोन करा.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
सिल्व्हर पामवालीची आई