गिटारचं कॉम्प्रेसर पेडल न उघडताच 'दुरुस्त' म्हणून परत पाठवल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: पेडलचा रिलीज नॉब (दाबलेला आवाज किती वेळात पुन्हा सोडायचा ते ठरवणारा) चालत नसल्याची दुसरी तक्रार

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी ८,४०० रुपयांना कॉम्प्रेसर पेडल घेतलं, त्याला आता चार महिने होत आले. वॉरंटी एक वर्षाची आहे. पहिल्या तक्रारीनंतर ते तुमच्या पुण्याच्या सेवा केंद्रात जाऊन आलं, आणि गेलं तसंच परत आलं.

मी दिवसा अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आमच्याकडे ढोलकी आणि ऑक्टोपॅड दोन्ही असतात. गायकाच्या मागे मी एकेक तार छेडत जातो तेव्हा जोरात लागलेला सूर टोचतो आणि हलका सूर ढोलकीखाली गाडला जातो. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग एकूण पातळी वर उचलली की लहान सूरही ऐकू येतो. एवढ्याचसाठी घेतलं. सूर लांबवून सोलो ठोकायची हौस मला नाही.

गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्नाचा कार्यक्रम होता. गाण्याच्या सुरुवातीला मी जाड तारेवर एक फटका मारला आणि पुढची सगळी ओळ गायब! साउंडवाला पोरगा मिक्सरवरून ओरडला, "दादा, तुमची लाइन जातेय, जॅक हलवा!" जॅक ठीक होता. आवाज हळूहळू आपोआप वर आला. पुढचा फटका मारला की पुन्हा तेच.

घरी आल्यावर शांतपणे तपासलं. रेशो (दाबण्याचं प्रमाण) चारास एक ठेवला, म्हणजे थ्रेशोल्डच्या (जिथून दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या) वर सिग्नल ४ डेसिबलने गेला तर बाहेर तो १ डेसिबलनेच वाढायला हवा. जाड तार जोरात मारून लगेच हाताने बंद केली आणि बारीक तार सारख्या जोराने हलकेच वाजवत राहिलो. रिलीज नॉब एकदा पूर्ण डावीकडे, एकदा मधोमध, एकदा पूर्ण उजवीकडे. मोबाइलवर रेकॉर्ड करून आवाजाचा आलेख पाहिला. तिन्ही वेळा हलका सूर मूळ पातळीवर यायला सुमारे अडीच सेकंद लागले. नॉब फिरवला काय आणि न फिरवला काय, फरक शून्य. मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्यात चार ठोके म्हणजे २.४ सेकंद. केरव्याचं अख्खं आवर्तन तुमचं पेडल गिळतं. त्याच वायरीने, त्याच अँपवर मित्राचं जुनं कॉम्प्रेसर लावलं. त्यात रिलीज कमी केला की सूर चटकन वर येतो.

हे सगळं मी पहिल्या तक्रारीत लिहिलं होतं. उत्तर आलं की कॉम्प्रेसर लावल्यावर मागे थोडा सूं-सूं आवाज येतोच, ते नॉर्मल आहे. अहो, त्या सूं-सूं आवाजाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं! पातळी उचलली की गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाची) घरघरही उचलली जाते, हे मला ठाऊक आहे. पत्र न वाचताच उत्तर दिलं असावं असं मला वाटतं. तुम्ही दिलेलं दुसरं कारण पेडलांच्या क्रमाचं. माझ्याकडे कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी आहे, आणि चाचणीत तर गिटार, कॉम्प्रेसर आणि अँप यांखेरीज काहीच नव्हतं. तिसरं कारण नाशिकचा वीजपुरवठा. तोही तपासला. अडॅप्टर काढून ९ व्होल्टची नवी बॅटरी घातली, मीटरवर ९.३ व्होल्ट दिसत होते. आवाज तसाच बुडाला आणि तेवढ्याच वेळाने वर आला. बॅटरीपर्यंत महावितरणचा हात पोचत नाही.

आता खरी तक्रार. आमच्या कारखान्यात बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची रेघ ओढतात; बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्याच सवयीने पेडल पाठवण्याआधी मी मागच्या चारही स्क्रूंवर बायकोच्या मरून नेलपॉलिशची रेघ ओढली होती. (त्याबद्दल घरात जे ऐकावं लागलं ते वेगळं.) १९ दिवसांनी पेडल परत आलं. सोबतच्या कागदावर लिहिलंय: "सर्किट तपासले, पॉट साफ केला, ठीक." (पॉट म्हणजे नॉबखालचा फिरणारा भाग.) चारही रेघा जशाच्या तशा आहेत. मागचा पत्रा न काढता तुमच्या माणसाने सर्किट कसं पाहिलं, हे मला समजून घ्यायचंय. उघडलं नाही, वेळ नव्हता, असं लिहिलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो.

वॉरंटी जाईल म्हणून मी स्वतः ते उघडलेलं नाही. अंदाज सांगायचा तर रिलीजच्या पॉटची नाहीतर त्याच्या सोल्डरची जोडणी तुटली असावी, त्यामुळे कपॅसिटरला रिकामं व्हायची नेहमीची वाट मिळत नाही. दहा मिनिटांचं काम असेल. पण आता मला दुरुस्ती नको. नवीन पेडल द्या, नाहीतर ८,४०० रुपये परत करा, आणि पुण्याला पाठवण्याचे कुरिअरचे ३८० रुपयेही द्या.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पहिल्या वेळी पोच सहाव्या दिवशी आली. या वेळी महिना उलटला तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला तुमच्या गावाला यावं लागणार नाही.

बिल, सेवा केंद्राच्या कागदाची प्रत, तिन्ही रेकॉर्डिंग आणि स्क्रूंचे जवळून काढलेले चार फोटो सोबत जोडले आहेत. पेडल आता माझ्या खर्चाने पाठवणार नाही. तुमचा माणूस पाठवा, पण संध्याकाळी सहानंतर, त्याआधी मी ड्यूटीवर असतो. खोका तोच आहे, टेप तेवढी त्याने आणावी.

आपला,
(सही)
इंदिरानगर, नाशिक