उतारवयातला घटस्फोट : समेटाचा सल्ला पुष्कळ, विभक्त होण्याचा कोणीच देत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तरुण जोडप्यांच्या घटस्फोटांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून लिहून येते आणि हल्लीच्या मुलांना सहन करण्याची सवय राहिली नाही, असा त्याचा सूर असतो. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून तेहेतीस वर्षांच्या संसारानंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी परस्पर संमतीने विभक्त झालो आहे. तेहेतीस वर्षे दोघांनीही सहनच केले होते, तेव्हा तो सूर आम्हांला लागू पडत नाही.

कारणांत शिरत नाही. मारझोड नव्हती, तिसरे माणूस नव्हते, आणि माझी बाजू उजळ होती असेही नाही. धाकट्या मुलीचे लग्न पार पडले त्या उन्हाळ्यात पत्नीने शांतपणे विषय काढला. गावात मात्र ‘सरांनी सोडचिठ्ठी दिली’ असेच बोलले गेले, कारण आपल्याकडे सोडचिठ्ठी द्यायची ती पुरुषाने, असेच सारे धरून चालतात. तिनेच मागितली असे सांगू लागलो की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी कीव उमटते आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, “आते या वयमा कसाले?”

हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे. परस्पर संमतीने घटस्फोट देणारे कलम 13-ब त्यात 1976 साली आले. अर्जापूर्वी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. आम्ही खालच्या-वरच्या मजल्यावर राहत होतो, म्हणून सुरुवातीला धास्ती वाटली. परंतु पती-पत्नी म्हणून न राहणे म्हणजेच वेगळे राहणे, मग छप्पर एक असले तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्पष्ट केल्याचे वकिलांनी सांगितले. अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत फेरविचारासाठी असते. योग्य प्रकरणात ती माफ करता येते, असा 2017 चा निकाल आहे. आम्ही ती सवलत मागितली नाही. समेटाचा प्रयत्न करून पाहणे हे याच कायद्याने न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्या साऱ्या काळात नातेवाइकांपासून समुपदेशकांपर्यंत प्रत्येकाने ‘पुन्हा विचार करा’ एवढेच सांगितले. ‘वेगळे व्हायचे ठरलेच असेल तर काय काय लिहून घ्या’, हे आम्हां दोघांना कोणीही सांगितले नाही. वकील होते, पण विचारल्याचे उत्तर देणे एवढेच त्यांचे काम होते आणि काय विचारावे हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

त्याचा फटका तिला बसला. घर माझ्या नावावर होते. संसार करताना मिळवलेल्या मालमत्तेत पत्नीचा आपोआप निम्मा वाटा धरणारी व्यवस्था गोव्यात आहे, महाराष्ट्रात नाही; येथे न्यायालय कलम 25 नुसार एकरकमी किंवा दरमहा पोटगी ठरवून देते, किंवा दोघे आपसांत ठरवतात. आम्ही एकरकमी ठरवली आणि माझ्या उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) रकमेतून ती मी दिली. तेव्हा मला स्वतःचे कौतुकही वाटले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. कुटुंब निवृत्तिवेतनाचा विचार दोघांनीही केला नाही. माझ्यामागे तिला ते आयुष्यभर मिळाले असते; घटस्फोटित पत्नीला तो हक्क उरत नाही. केवळ न्यायालयीन विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता न्यायालयाच्या आदेशाने वेगळे राहणे, घेतली असती, तर तिचे नाव सामान्यतः निवृत्तिवेतनासाठीच्या कुटुंबात राहिले असते, हे मला हुकूमनाम्यानंतर निवृत्तिवेतनाच्या कागदांतून नाव कमी करायला गेलो तेव्हा तेथील लिपिकाकडून समजले. ज्याने तीस वर्षे मुलांना व्याजाची उदाहरणे शिकवली, त्याला घरातले हे गणित सुचू नये! आरोग्य विमाही दोघांचा एकत्र होता. आता तिने नवा घेतला तर मधुमेहासाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, नव्याने मोजला जाऊ शकतो.

गावाने आम्हां दोघांना सारखे वागवले नाही, हेही लिहायला हवे. मला पहिले दोन महिने शेजारून डबे आले, भरीत आले, कळण्याची भाकरी आली. ‘जेवणाचे हाल होत असतील’ म्हणत दोन ठिकाणांहून स्थळेसुद्धा सुचवली गेली. ती जळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिला डबा कोणी नेऊन दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. घरमालकिणीने ‘मिस्टर कुठे असतात’ हे मात्र तीनदा विचारले. लग्नपत्रिकेवर तिच्या नावामागे काय लिहावे, यावर माझ्याच भाच्याच्या घरी चर्चा झाली आणि शेवटी तिला पत्रिकाच गेली नाही.

श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या सणाला हे फार जाणवले. आमच्याकडे रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर सव्वा मुठीच्या हिशोबाने घेतात आणि रोट भाऊबंदकीतच खातात. तेहेतीस वर्षे ते गहू निवडून, दळून, रोट करणारी बाई आता भाऊबंदकीत नाही, आणि माहेरच्या कुळातून ती लग्नातच बाहेर पडली होती. यंदा माझ्या मोठ्या भावाने गहू मोजले तेव्हा माप गेल्या वर्षीइतकेच भरले, कारण तिची मूठ त्यात कधी नव्हतीच. त्या दिवशी मी लवकर जेवून वर निघून गेलो.

माझी सूचना एकच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे आणि त्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समित्यांतर्फे गावोगावी शिबिरे होतात. त्यांत वारसाहक्क, हुंडा, मोटार अपघात यांवर व्याख्याने मी ऐकली आहेत. पन्नाशी-साठीत विभक्त होऊ पाहणाऱ्या जोडप्यांसाठी त्यातला एक तास द्यावा आणि निवृत्तिवेतन, घर, विमा, बँकेतील संयुक्त ठेवी व वारसनोंदी यांविषयी सही होण्यापूर्वी दोघांनाही समोर बसवून सांगावे. समेट व्हायचा असेल तर तोही कदाचित अशा बैठकीत होईल. आमचा झाला नसता.

पत्र लिहिण्यापूर्वी मी तिला फोन करून विचारले. “लिहा, पण शाळेचे नाव घालू नका, पोरांना त्रास होईल,” एवढेच ती म्हणाली. म्हणून माझेही नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव