बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्या काकांना

काका, नमस्कार. समोर आभार मानले की तुम्ही "चल चल, गर्दी आहे" म्हणून हाकलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता हाकला बघू.

ऑगस्ट 2024 च्या शेवटी, जन्माष्टमीच्या वेळचा तो पूर. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट आणि नदी गेली 35 च्याही वर, वरून पाऊस, मागून आजवा तलावाचं पाणी, लाइट नाही, नेटवर्क नाही, त्यात मगरींचे व्हिडीओ. आमचं समा भागातलं घर तळमजल्यावर. गॅसची बाटली, धान्य, कागदपत्रांची फाइल एवढं वर गेलं, मुलांची दप्तरं पाण्यात. सासरे तेव्हाही म्हणाले की आजवाही सयाजीरावांनीच बांधला आणि 1906 साली अख्ख्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षणही त्यांनीच आणलं, आता महाराजांच्या तलावाने महाराजांच्या विद्यार्थ्यांच्या वह्या बुडवल्या तर भांडायचं कुणाशी!

मदत खूप आली, खोटं कशाला बोलू. फूड पॅकेट, दूध, मग नव्या बॅगा, कंपास. पुस्तकांचंही जमलं, बोर्डाची पुस्तकं बाजारात मिळतात, पीडीएफ तर फुकट. पण जूनपासून लिहिलेल्या वह्या? ट्यूशनच्या सरांनी सोडवून दिलेली गणितं, सायन्सच्या आकृत्या, कुठला प्रश्न इम्पॉर्टंट त्याच्या खुणा, हे कुठल्या दुकानात मिळणार? पंख्याखाली वाळवल्या, इस्त्रीही फिरवून बघितली, पण चिखलाने पानं चिकटलेली आणि शाई पसरलेली. मुलीचं दहावीचं वर्ष. कुणाला सांगायला जावं तर जीव वाचले ना, वह्यांचं काय घेऊन बसलीस. त्यांचंही चूक नव्हतं, मग मी बोलणंच सोडलं.

आणि मी तुमच्याकडे आधार आणि रेशनकार्डच्या झेरॉक्स काढायला आले तर तुम्ही मशीनवरून मान वर न करता विचारलंत, "पोरीच्या वह्या राहिल्या का?" बस, तिथेच रडू आलं मला, गिऱ्हाइकांसमोर.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी, ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही त्यांनी दहावी-बारावीच्या पूर्ण वह्या एका रात्रीसाठी द्याव्यात. आणि लोकांनी दिल्या हो! तुम्ही रजिस्टरमध्ये नाव, विषय, शाळा लिहून घ्यायचात आणि सकाळी वही जशीच्या तशी परत. शाळा लिहायचं कारण मला नंतर कळलं, एकेका शाळेचे धडे पुढे-मागे चालतात म्हणून पोरांना शक्यतो त्यांच्याच शाळेची वही मिळावी. पेन्सिलच्या आकृत्या फिक्या यायला लागल्या तर मशीन डार्क करून परत काढल्यात, तो कागद, ती शाई सगळं तुमच्या खिशातून, वर स्पायरल बाइंडिंग. काकू डबा घेऊन दुकानातच यायच्या, त्यांचेही आभार, त्यांनी पानं लावली नसती तर गणितात इंग्लिश घुसलं असतं.

माझा सहावीतला चिरंजीव मात्र अजून तुमच्यावर रागावलेला आहे. त्यालाही आयती झेरॉक्स हवी होती, तुम्ही कोऱ्या वह्या हातात ठेवून म्हणालात "तू लिहून काढ, तुझा हात काय पुरात गेला?" शेजारच्या मुलाची वही आणून रोज लिहीत बसायचा, तोंड एवढंसं करून. अक्षर सुधारलंय, पण हे तो कबूल करणार नाही.

पहिली परीक्षा झाली. मुलीला गणितात बरे मार्क आहेत, समाजविद्येत यथातथा, पण तो दोष पुराचा नाही.

पैसे तुम्ही घेत नाही म्हणून आम्ही सोसायटीतल्या आयांनी मिळून ए-फोर कागदाची बंडलं घेतलीत. दिवाळीच्या आधी घेऊन येतोय. परत पाठवलीत तर काकूंकडे देऊ.